मॉड तुमचा, लॉबी सगळ्यांची

मॉड म्हणजे खेळाडूनं गेममध्ये स्वतः केलेला बदल. एकट्यानं खेळायच्या गेममध्ये ड्रॅगनच्या जागी आगगाडी आणून बसवली तरी कुणाचं काही जात नाही. तीच हौस घेऊन माणूस ऑनलाइन लॉबीत, म्हणजे मॅचसाठी जमलेल्या खेळाडूंच्या गटात, शिरला की मामला वेगळा होतो. तिथे त्याच्याबरोबर आणखी तीन, नऊ किंवा नव्व्याण्णव जण असतात आणि त्यांना कुणी काही विचारलेलं नसतं. ‘हा मॉड की चीट, म्हणजे लबाडी?’ यावर तासन्‌तास वाद चालतात, पण हाती फारसं काही लागत नाही. दोन गोष्टी सुट्या करून तपासल्या तर बरंच उलगडतं. पहिली: या बदलाचा परिणाम ज्यांच्यावर होणार, त्यांना तो ठाऊक आहे का आणि चालणार आहे का? दुसरी: बदल गेमच्या कुठल्या थरात शिरतो? पहिलीवरून नैतिकता ठरते, दुसरीवरून धोका. निरुपद्रवी मॉडपायी अकाउंट कायमचं जातं आणि उघड लबाडी करणारा मॉड महिनोन्‌महिने सापडत नाही, ते यामुळेच.

मॉडिंगला मुळातच चोरी समजणाऱ्यांनी एवढं आठवावं: काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये हाफ-लाइफचा मॉड म्हणून आला, डोटा हा वॉरक्राफ्ट ३ साठी खेळाडूंनी बनवलेला नकाशा होता, आणि डेझेड २०१२ मध्ये आर्मा २ वर उभा राहिला. आजचे कित्येक मोठे ऑनलाइन गेम या मुळांतून फुटलेले आहेत. पण तिथे येणारा प्रत्येक जण तो मॉड खेळायचा म्हणूनच येत होता. कुणी गुपचूप आपल्यापुरता बदल करून इतरांच्या मॅचमध्ये घुसत नव्हता.

अँटी-चीटला हेतू कळत नाही

अँटी-चीट म्हणजे गेममधली लबाडी पकडणारी यंत्रणा. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडीनं ग्राफिक्स ड्रायव्हरमधली अँटी-लॅग+ नावाची सोय काउंटर-स्ट्राइक २ साठी दिली. माऊस हलवल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा विलंब कमी करणं, एवढंच तिचं काम. ते साधण्यासाठी ड्रायव्हर काउंटर-स्ट्राइक २ च्या इंजिनमधल्या डीएलएलची (प्रोग्रामला जोडून चालणाऱ्या कोडच्या फाइलची) फंक्शन्स मधल्यामध्ये स्वतःकडे वळवत होता. चीट बनवणारेही नेमकं हेच करतात. हा गेम बनवणाऱ्या व्हॅल्व्हच्या व्हॅक या अँटी-चीटनं ती सोय वापरणाऱ्यांना बॅन केलं, म्हणजे खेळायला बंदी घातली, एएमडीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला आणि व्हॅल्व्हनं पुढे ते बॅन उठवले. एवढ्या मोठ्या चिप कंपनीच्या अधिकृत ड्रायव्हरची ही गत, तर डिस्कॉर्डवरून उतरवलेल्या डीएलएलला कोण विचारतो?

दुसरं उदाहरण याहून गमतीचं. जीटीए ऑनलाइन सुरू व्हायला काही मिनिटं लागत. २०२१ मध्ये एका प्रोग्रामरनं कारण शोधलं: गेम सुमारे १० एमबीची, ६३ हजार वस्तूंची यादी वाचत होता आणि प्रत्येक तुकडा वाचताना उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी नव्यानं मोजत होता. शिवाय प्रत्येक वस्तू यादीत आधीच आहे का, हे पहिल्यापासून तपासत होता. त्यानं छोटी डीएलएल लिहून ही दोन्ही कामं टाळली आणि लोडिंगचा वेळ जवळपास ७० टक्क्यांनी कमी केला. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारनं त्याला १० हजार डॉलरचं बक्षीस दिलं आणि दुरुस्ती अधिकृत पॅचमध्ये घेतली. कुणाचं नुकसान नाही, उलट सगळ्यांचा फायदा. पण तांत्रिकदृष्ट्या तंत्र तेच: चालू गेममध्ये डीएलएल घुसवणं. तीच डीएलएल कुणी कडक अँटी-चीट असलेल्या गेममध्ये वापरली असती तर बक्षिसाऐवजी बॅन मिळाला असता.

अँटी-चीट काय पाहतं, हे ठाऊक असलेलं बरं. डिस्कवरच्या फाइल्सचे हॅश (मजकुरावरून काढलेले ठसे) जुळतात का; गेमच्या प्रोसेसमध्ये कुठकुठल्या डीएलएल चढल्या आहेत; मेमरीतला गेमचा कोड मूळ कोडपेक्षा वेगळा आहे का; बाहेरचा एखादा प्रोग्राम ती मेमरी वाचतोय का; आणि कर्नलपर्यंत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यापर्यंत, पोहोचणारं असेल तर कुठले ड्रायव्हर चालू आहेत. यावरून धोक्याची उतरंड बनते. गेमनं स्वतः दिलेल्या ॲडऑनच्या (जोडणीच्या) सोयीतून चालणारा मॉड सर्वांत सुरक्षित. फक्त चित्रं किंवा आवाज बदलणारा त्याखालोखाल, पण फाइल तपासणी कडक असेल तर तोही अडतो. डीएलएल घुसवणारा मॉड अँटी-चीट चालू असताना वापरूच नये. बाहेरून मेमरी वाचणारं साधन म्हणजे अँटी-चीटच्या लेखी चीटच, मग ते नुसतं बंदुकीतल्या गोळ्या मोजत का असेना.

‘तीन आठवडे वापरतोय, काही झालं नाही’ हे वाक्य फार ऐकू येतं. त्याला काही अर्थ नाही. बॅन बहुतेक वेळा ताबडतोब न देता साठवून, लाटेनं दिले जातात. पकडल्याबरोबर बॅन दिला तर चीट बनवणाऱ्याला आपली कुठली फाइल ओळखली गेली ते लगेच समजतं. आणखी एक कलम लोक वाचत नाहीत: स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या ‘स्टीम फॅमिलीज’ या घरात गेम वाटून खेळायच्या सोयीत तुमच्या मालकीची प्रत खेळताना घरातल्या कुणी चीट केलं आणि त्याला बॅन बसला, तर तो तुम्हालाही बसतो.

न दिसायचं ते दिसणं

नैतिकतेच्या बाजूनं सगळ्यांत मोठं क्षेत्र म्हणजे माहिती. नेम आपोआप धरणारा मॉड चूक, यावर कुणाचं दुमत नाही. खरी पंचाईत ‘फक्त दिसण्यापुरता’ मॉड म्हणवणाऱ्यांची आहे. शत्रूच्या कपड्यांना भडक गुलाबी रंग देणारं स्किन, धूर पातळ करणारं टेक्स्चर, पावलांचा आवाज मोठा करणारी ध्वनिफाइल: तिन्हींत कोडची एक ओळही नाही आणि तिन्हींनी मॅचचा तोल जातो. व्हॅल्व्हच्या सोर्स इंजिनवरच्या गेमच्या सर्व्हरवर ‘एसव्ही_प्युअर’ ही सेटिंग याचसाठी आहे. ती चालू असली की सर्व्हर ठरवतो की खेळाडूच्या कुठल्या फाइल्स मूळच्याच असल्या पाहिजेत. रीशेडचंही असंच. हे चित्राचा रंग आणि प्रकाश बदलणारं लोकप्रिय साधन, पण त्याला खोलीची माहिती (पडद्यावरची कुठली गोष्ट किती लांब आहे ती) वाचू दिली तर धुक्याआडचंही उठून दिसू शकतं. म्हणून त्याची साधी आवृत्ती नेटवर्कवर हालचाल दिसली की खोलीची माहिती बंद करते. ॲडऑनच्या पूर्ण सोयीची आवृत्ती वेगळी मिळते आणि ती एकट्यानं खेळायच्या गेमसाठी आहे. ही सीमा साधन बनवणाऱ्यांनी आपणहून घातली, याचं मला कौतुक वाटतं.

क्लायंटकडे, म्हणजे खेळाडूच्या यंत्रावरच्या गेमकडे, जी माहिती पोहोचली ती कधी ना कधी कुणीतरी काढणारच, हे गेम बनवणाऱ्यांनी गृहीत धरायला हवं. माइनक्राफ्टचा सर्व्हर नकाशाचे १६ × १६ ठोकळ्यांचे तळापासून माथ्यापर्यंतचे तुकडे पाठवतो, जमिनीखालच्या हिऱ्यांसकट. एक्स-रे मॉड दगड अदृश्य करतो, बस. सर्व्हर पेपर या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर त्यातला अँटी-एक्सरे चालू करावा. इंजिन-मोड १ मध्ये पुरलेल्या खनिजांच्या जागी दगड पाठवला जातो. इंजिन-मोड २ मध्ये खोटी खनिजं पेरली जातात, म्हणजे एक्स-रेवाल्याला जिकडे तिकडे हिरेच दिसतात. मोड १ ची मर्यादा अशी की गुहेच्या भिंतीत, हवेला लागून असलेलं खनिज त्यातून लपत नाही. मोड २ ला नेटवर्कवर जास्त भार पडतो. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेमनं हाच विचार पुढे नेला: शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत त्याची जागा क्लायंटला कळवलीच जात नाही.

अधल्यामधल्या मॉडविषयी मात्र एकच नियम सगळीकडे लावता येत नाही. रंगांधळ्या खेळाडूसाठी रंग बदलणारा मॉड, ऐकू न येणाऱ्यासाठी आवाजाची दिशा पडद्यावर दाखवणारा मॉड, यांना लबाडी म्हणणं मला पटत नाही. तरीही स्पर्धेच्या लॉबीत हा निर्णय आयोजकाचा, आपला नाही. आधी विचारावं, लेखी होकार घ्यावा. जिथे प्रत्येकाला तोच मॉड सहज मिळतो आणि सगळ्यांना तसं ठाऊक असतं, तिथे तक्रारीला जागा कमी. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तो बनवणाऱ्या ब्लिझार्डनं २००९ मध्येच ठरवून दिलं की ॲडऑन फुकट असावेत आणि त्यांचा कोड सर्वांना वाचता यावा. अशी चौकट नसेल तर काय होतं ते फायनल फँटसी १४ मध्ये २०२३ साली दिसलं. ओमेगा प्रोटोकॉल ही अवघड लढाई जगात सर्वप्रथम जिंकणाऱ्या चमूनं कॅमेरा मर्यादेपलीकडे मागे नेणारं साधन वापरल्याचं उघड झालं आणि त्यांचं यश मान्य झालं नाही.

त्याच गेममधला प्लेयरस्कोप या मॉडचा प्रकार मला याहून गंभीर वाटतो. २०२४ मधल्या विस्तारानंतर ब्लॉक यादी पूर्ण अकाउंटला लागू व्हावी म्हणून गेम क्लायंटकडे अकाउंटची अंतर्गत ओळख पाठवू लागला. प्लेयरस्कोप वापरणारे आसपासच्या खेळाडूंची ही ओळख गोळा करत आणि एका माणसाची सगळी पात्रं जोडून दाखवत. छळाला कंटाळून नवं पात्र घेतलेल्या माणसाची पाठ पुन्हा धरता येईल, असं हे हत्यार. त्यात ना वेग वाढला, ना ताकद, कुणी मॅच हरलंही नाही. तरी हा मॉड मी कुठल्याही नेम धरणाऱ्या चीटपेक्षा वाईट मानतो.

आणि मॉडची झळ दुसऱ्याला कशी बसते? २०२२ मध्ये एल्डन रिंगमध्ये काही जण दुसऱ्यांच्या जगात शिरून, गेममधून काढून टाकलेली पण फाइल्समध्ये राहिलेली एक वस्तू तिथे टाकून जात. समोरच्यानं ती उचलली की अँटी-चीटच्या दृष्टीनं त्याच्याकडे अवैध माल, आणि त्याला १८० दिवसांची बंदी. म्हणून अनोळखी माणसानं टाकलेली, नाव कधी न ऐकलेली वस्तू उचलू नये. उचललीच तर गेम बंद करून जुना सेव्ह परत आणावा.

अकाउंटपेक्षा संगणक महाग

बॅनची चर्चा फार होते, पण मॉडमधून येणाऱ्या मालवेअरची तेवढी होत नाही. खरं तर प्राधान्य उलटं हवं. बहुतेक मॉड म्हणजे तुमच्या सगळ्या अधिकारांसह चालणारा प्रोग्राम. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टचे मॉड मिळणाऱ्या कर्सफोर्ज आणि बुकिट या ठिकाणांवरच्या काही मॉडमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचं मालवेअर सापडलं. ते ब्राउझरच्या कुकीज, डिस्कॉर्ड आणि मायक्रोसॉफ्टची टोकन (लॉगिन झाल्याची खूण) चोरायचं, क्लिपबोर्डवरचा क्रिप्टो पत्ता बदलायचं, आणि संगणकावरच्या इतर जार (जावा प्रोग्रामच्या) फाइल्समध्येही स्वतःला घुसवायचं. मॉड नावाजलेल्या ठिकाणी होते, डाउनलोडही भरपूर होते. डिसेंबर २०२३ मध्ये स्ले द स्पायरच्या डाउनफॉल या मॉडची स्टीमवरची प्रतच काही काळ बदलली गेली होती. म्हणजे ‘अधिकृत जागेवरून घेतला’ ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही.

मल्टिप्लेयरमध्ये यावर आणखी एक भर: तुम्ही काही उतरवलं नाही तरी समोरचा तुमच्या यंत्रात शिरू शकतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीतल्या छिद्रामुळे माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टाकून सर्व्हरवर कोड चालवता येत होता. जानेवारी २०२२ मध्ये डार्क सोल्स ३ मध्ये असंच छिद्र सापडलं. पीसीवरचे मालिकेचे सर्व्हर बंद ठेवावे लागले आणि डार्क सोल्स ३ चे थेट ऑगस्टमध्ये परतले. जानेवारी २०२३ मध्ये जीटीए ऑनलाइनमध्ये दुसऱ्याच्या अकाउंटची माहिती लांबून बिघडवता येत होती. त्याच वर्षी जुलैत २००९ च्या मॉडर्न वॉरफेअर २ च्या लॉब्यांतून आपोआप पसरणारा वर्म निघाला. जुने, पॅच न होणारे आणि खेळाडूंची यंत्रं थेट एकमेकांना जोडणारे गेम सर्वांत कच्चे. मॉडही भोकं पाडतात: ब्लीडिंगपाइप ही २०२३ मधली त्रुटी माइनक्राफ्टमध्ये फोर्ज या सांगाड्यावर चालणाऱ्या काही जुन्या मॉडमध्ये होती. नेटवर्कवरून आलेला जावा ऑब्जेक्ट न तपासता उलगडल्यामुळे सर्व्हर आणि क्लायंट दोन्हींवर परका कोड चालू शकत होता.

तेव्हा करायचं काय? मॉड शक्यतो प्रकाशित होऊन काही दिवस झाल्यावर घ्यावा. पहिल्या दिवसाचा अपडेट अंगावर घेण्याची घाई नको. लेखकानं एसएचए-२५६ हॅश दिला असेल तर पॉवरशेलमधल्या ‘गेट-फाइलहॅश’ या आज्ञेनं तो ताडून पाहावा. साधं टेक्स्चर देणाऱ्या मॉडमध्ये ईएक्सई फाइल दिसली की तिथेच थांबावं. ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’, ‘सिक्युअर बूट आणि मेमरी इंटिग्रिटी काढा’ असं सांगणारा मॉड कितीही गोड दिसला तरी हात लावू नये. या सुरक्षा-तपासण्या चुकवून कर्नलमध्ये काहीतरी चढवायचं असेल तेव्हा असं सांगितलं जातं. कर्नलमधला कोड कुणाचाही असो, जोखीम असतेच: गेन्शिन इम्पॅक्टच्या अँटी-चीटचा सही केलेला ड्रायव्हर २०२२ मध्ये रॅन्समवेअरवाल्यांनी (फाइल्स कोंडून खंडणी मागणाऱ्यांनी) अँटीव्हायरस मारायला वापरला, आणि त्यासाठी बळीच्या संगणकावर तो गेम असण्याचीही गरज नव्हती.

संसर्ग झाल्याचा संशय आला तर इंटरनेट तोडा आणि दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदला. मग ‘सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट’ नक्की करा. ही पायरी लोक विसरतात. चोराकडे चालू सेशनचं टोकन असेल तर त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. शेवटी विंडोज नव्यानं टाका. अँटीव्हायरसनं ‘साफ’ म्हटलं तेवढ्यावर विसंबू नका.

मित्रांच्या सर्व्हरवर

मॉडिंगची खरी मजा इथे आहे. व्हाल्हाइम, लीथल कंपनी यांसारखे गेम ओळखीच्यांच्या गटात खेळले जातात, बेपइनएक्स हा मॉड चालवणारा सांगाडा सगळ्यांना ठाऊक आहे आणि संमती घेणं एका मेसेजचं काम आहे. आर२मॉडमॅनसारख्या व्यवस्थापकात वेगळं प्रोफाइल बनवा, त्याचा कोड सगळ्यांना पाठवा, म्हणजे प्रत्येकाकडे तेच मॉड त्याच आवृत्तीचे येतील. नव्वद टक्के वेळा ‘कनेक्ट होत नाही’चं कारण एकाकडे एक आवृत्ती पुढची असणं हेच निघतं, हा माझा अंदाज. मॅनेजरमधून एकदा ठरवलेल्या आवृत्त्या गट म्हणूनच बदलाव्यात, एकेकट्यानं नाही.

सुरू करण्याआधी सेव्हची प्रत काढा. व्हाल्हाइममध्ये जगाच्या दोन फाइल्स असतात, डीबी आणि एफडब्ल्यूएल. एकच उचलली तर उपयोग नाही. पात्राची एफसीएच फाइल वेगळी. स्टीम क्लाउड चालू असेल तर मॉड केलेला सेव्ह मूळ सेव्हवर चढू शकतो, म्हणून त्या काळापुरतं ते बंद ठेवा. मॉडनं आणलेली वस्तू मॉड काढल्यावर गेमला ओळखू येत नाही आणि ती नाहीशी होते. एखाद्याचं पेटीभर सामान गेलं की पुढचा तास भांडणात जातो. व्हाल्हाइमचं पात्र एका जगातून दुसऱ्यात जातं, त्यामुळे आपल्या एकट्याच्या जगात फुकट मिळवलेलं लोखंड मित्रांच्या जगात आणणं हीही लबाडीच, मॉड असो वा नसो. त्यासाठी नवं पात्र ठेवावं.

काही बिघडलं तर बेपइनएक्सच्या फोल्डरमधली लॉगआउटपुट फाइल उघडा आणि वरून पहिली ‘एरर’ची ओळ शोधा. खालच्या बऱ्याचशा चुका तिच्यामुळेच आलेल्या असतात. त्यातून कळलं नाही तर अर्धे मॉड बंद करून पाहा. ४० मॉडमधला दोषी साधारण सहा फेऱ्यांत सापडतो. मात्र एकमेकांवर अवलंबून असलेले मॉड एकाच अर्ध्यात ठेवावे लागतात.

एल्डन रिंगचा सीमलेस को-ऑप हा मला नमुनेदार वाटतो. तो स्वतंत्र लाँचरमधून, अँटी-चीटशिवाय आणि अधिकृत सर्व्हरला न जोडता चालतो. सेटिंग फाइलमध्ये गटाचा पासवर्ड टाकावा लागतो, त्यामुळे तिऱ्हाईत आत येत नाही, आणि सेव्हला सीओ२ असं वेगळं शेपूट लावून मूळ एसएल२ फाइलला हात लावत नाही. सीओ२ चं नाव बदलून तो सेव्ह अधिकृत ऑनलाइनमध्ये नेणं मात्र स्वतःच्या हातानं बॅन मागवणं आहे.

पैसा शिरला की

सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी नियम वेगळेच आहेत. माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगनं २०१४ मध्ये त्याच्या सर्व्हरवर पैसे घेऊन खेळात वरचढ करणाऱ्या वस्तू विकायला मनाई केली. व्हॅल्व्हनं २०१५ मध्ये लोकांच्या काउंटर-स्ट्राइक सर्व्हरवर खोटी स्किन देणारे प्लगइन बंद करायला लावले आणि न ऐकणाऱ्यांची सर्व्हर टोकन रद्द केली. चीट विकणाऱ्यांचं प्रकरण याहून जड: २०२४ मध्ये अमेरिकी न्यायालयानं एंजिनओनिंग या चीट-विक्रेत्याविरुद्ध कॉल ऑफ ड्यूटीच्या ॲक्टिव्हिजन कंपनीला १ कोटी ४४ लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. पण पैसा न घेणाराही सुरक्षित नसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीचा एच२एम हा मॉड प्रकाशनाच्या तोंडावर ॲक्टिव्हिजनच्या नोटिशीनं थांबला, आणि त्यासाठी मूळ गेम विकत घेऊन बसलेले लोक तसेच राहिले. उलट फाइव्हएम हा जीटीए ५ चा ऑनलाइन मॉड बनवणाऱ्या मंडळींना रॉकस्टारनं २०१५ मध्ये बॅन केलं होतं आणि २०२३ मध्ये तोच चमू कंपनीनं आपल्यात सामावून घेतला. प्रकाशकाचं धोरण हे असं फिरतं. म्हणून प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर ते पुन्हा वाचावं, आणि मॉडसाठी गेम घ्यायचा असेल तर मॉड हाती पडल्यावरच घ्यावा.

मॉड काढताना

स्टीमचं ‘फाइल्सची तपासणी’ बटण बदललेल्या फाइल्स मूळपदावर आणतं, पण बाहेरून आलेल्या जादा फाइल्स काढत नाही. बेपइनएक्स ज्या डीएलएलच्या आडून शिरतं ती विनएचटीटीपी नावाची फाइल तशीच राहते आणि पुढच्या वेळी अधिकृत सर्व्हरवर जातानाही चढते. म्हणून सेव्हची प्रत काढून गेम अनइन्स्टॉल करा, स्टीमॲप्सच्या कॉमन फोल्डरमध्ये गेमचं उरलेलं फोल्डर हातानं पुसा, आणि मगच नव्यानं टाका. काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये मॉड तपासायचाच असेल तर ‘-इनसिक्युअर’ हा लाँच पर्याय देऊन, व्हॅकच्या सर्व्हरपासून दूर राहून तपासावा.

तरीही बॅन आलाच तर नवं अकाउंट काढायला धावू नका. काही यंत्रणा हार्डवेअरची ओळख लक्षात ठेवतात आणि दुसरं अकाउंटही जातं. अपील करताना कुठला मॉड, कुठली आवृत्ती, कुठल्या तारखेला कुठल्या मॅचमध्ये, एवढं खरं खरं लिहा. एएमडीसारखी चूक यंत्रणेची असेल तर बॅन सगळ्यांचा एकदम उठतो. एकेकट्या व्हॅक बॅनवर मात्र व्हॅल्व्ह वाटाघाट करत नाही.